हरभऱ्याचा डहाळा आणि डाळ

पौषात सोलापूरच्या बाजारात घाट्यांनी (दाणे भरलेल्या शेंगांनी) लगडलेल्या हिरव्या हरभऱ्याच्या पेंड्या येतात, त्यांना आपण ‘डहाळा’ किंवा बोलीत ‘ढाळा’ म्हणतो. हरभऱ्याची डाळ होते, म्हणून हा शब्द ‘डाळ’वरून आला असावा, असा तर्क मांडला जातो. तो सहज सुचण्यासारखा आहे, पण मला पटत नाही.

‘डाळ’ म्हणजे दोन दले वेगळी केलेले कडधान्य. तिचे मूळ संस्कृत ‘दल्’ (फुटणे, दुभंगणे) या धातूत असून ‘दळणे’ही तिथलेच आहे. ‘डहाळा’ आणि ‘डहाळी’ मात्र ‘डाल’, ‘डाली’ या फांदीवाचक प्राकृत शब्दांच्या कुळातले. 12व्या शतकात हेमचंद्र या जैन पंडिताने ‘डाली’ची नोंद ‘देशीनाममाला’ या आपल्या कोशात, म्हणजे संस्कृतातून सरळ व्युत्पत्ती न लागणाऱ्या शब्दांत केली आहे. शेजारच्या भाषा पाहिल्या की हा भेद स्पष्ट होतो: हिंदीत खायची ती ‘दाल’ आणि झाडाची ती ‘डाल’, तर गुजरातीत अनुक्रमे ‘दाळ’ आणि ‘डाळ’. मराठीत कडधान्याच्या शब्दातल्या ‘द’चाही ‘ड’ झाल्यामुळे दोन्ही शब्द एकमेकांजवळ आले, एवढेच.

अर्थाची साक्ष मला याहून मोलाची वाटते. माझी आजी “शेळ्यांना बाभळीचा ढाळा टाक” असे म्हणत असे, आणि बाभळीचा डाळीशी काहीच संबंध नाही. तिच्या बोलण्यात पानांसकट तोडलेली फांदी तो ढाळा, आणि कोवळ्या पानांची बारीक फांदी ती डहाळी. सुरा-सुरी, खुंटा-खुंटी यांसारखीच ही थोरली-धाकटी जोडी आहे. पाने झडून वाळली तरी फांदी ही फांदीच राहते. पण अशा वाळक्या फांदीला डहाळी म्हणणे मला खटकते. हरभऱ्याचे रोप पाला आणि घाट्यांसकट उपटले जाते, म्हणून त्याला हे नाव शोभते. तेच भाजले की त्याला ‘हुळा’ म्हणतात; तिथे पाला जळून जातो आणि नावही दाण्याचे होते.

‘ढाळा’ हे रूप अशुद्ध समजू नये. पुढचा ‘ह’ ‘ड’मध्ये मिसळून ‘ढ’ होतो, जसे ‘पहाटे’चे खेड्यात ‘फाटे’ होते. लेखनात ‘डहाळा’ लिहावे, पण गावाकडच्या माणसाच्या तोंडी ‘ढाळा’च ठेवावा.