तेलाचा भाव पडला तेव्हा तुमच्याकडे काय झालं? (अनुभव धागा)

क्रूड, म्हणजे कच्चं तेल, घसरलं की आपल्या वर्तमानपत्रांत ती आनंदाची बातमी असते. आयातीचं बिल कमी, महागाई कमी, रुपयाला आधार. देशाच्या हिशेबात ते खरंही आहे. पण माझं माहेर रत्नागिरीतल्या खेड तालुक्यात, आणि आमच्या निम्म्या वाडीचा पगार आखातातून येतो. जून 2014 मध्ये पिंपाला 115 डॉलरच्या घरात असलेलं ब्रेंट क्रूड जानेवारी 2016 मध्ये 28च्या खाली गेलं, तेव्हा आमच्याकडे कुणी पेढे वाटले नाहीत.

माझ्या भावाचा चिऱ्यांचा धंदा आहे. क्रूडचा दर तो कधी बघत नाही, पण पंचक्रोशीत किती घरं जोत्यावर येऊन थांबली आहेत हे त्याला तोंडपाठ असतं. आधी तिकडचा ओव्हरटाइम बंद होतो. घरी कुणाला कळत नाही, कारण मूळ पगार येतच असतो. मग सुट्टीवर आलेल्या माणसाला ‘अजून महिनाभर तिकडेच थांब, बिनपगारी’ असा निरोप येतो. मग स्लॅब पुढच्या वर्षावर जातो. भाव पडल्यापासून दादाच्या ट्रकच्या खेपा कमी व्हायला वर्ष-दीड वर्ष लागलं, आणि सगळ्यांत आधी परत गेली ती खाणीवर विजापूरकडून आलेली कुटुंबं. आखाताशी त्यांचा काडीचाही संबंध नव्हता.

म्हणून हा धागा. 1986, 1998, 2008, 2014-16, 2020, कुठल्याही घसरणीचं लिहा. नोकरी गेली, धंदा बसला, उलट फायदा झाला, सगळं चालेल. दोन विनंत्या: कंपन्यांची नावं नकोत, आणि ओपेकचं (तेल निर्यातदार देशांच्या संघटनेचं) राजकारण इथे नको.

मंडणगडचा वेल्डर

ताई, तुमच्या भावाच्या चिऱ्यांची वाट बघणाऱ्यांपैकी मी एक समजा. आयटीआय केलं, मुंबईत ट्रेड टेस्ट दिली आणि सौदीला गेलो. जुबैलला रिफायनरीच्या शटडाऊनची कामं करायचो. शटडाऊन म्हणजे प्लांट बंद ठेवून दुरुस्ती, बारा-बारा तासांची ड्युटी, आणि खरा पैसा त्यातच. 2015 पासून अगदी अडलेलं असेल तेवढंच काम निघायला लागलं, बाकी पुढे ढकललं जायचं.

मग जेद्दाहला एका बांधकाम कंपनीत लागलो. इमारतींना तेलाशी काय देणंघेणं? पण सरकारचा पैसा तेलाचाच. सरकारकडून कंत्राटदारांची बिलं रखडली आणि कंत्राटदारानं आमचे पगार रखडवले. पगार उशिरा येणं एक वेळ सहन होतं. इकामा, म्हणजे तिथं राहण्याचा परवाना, संपला आणि कंपनीनं तो वाढवून दिला नाही की मात्र माणूस पुरता अडकतो. दवाखान्यात जाता येत नाही, दुसरी नोकरी धरता येत नाही, देश सोडायची परवानगी (एक्झिट) मिळत नाही, आणि रस्त्यात पोलिसांनी कागद मागितले तर वेगळीच पंचाईत. पुढे मेसही बंद झाली.

2016च्या जुलै-ऑगस्टमध्ये हे सगळं टीव्हीवर आलं. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज यांनी लक्ष घातलं, त्यांच्या खात्याचे राज्यमंत्री व्ही. के. सिंह जेद्दाहला आले, वकिलातीनं कॅम्पांवर धान्य पोचवलं. आमच्यासारखी हजारो माणसं होती. परत आलो, पण थकलेला पगार आणि नोकरी सुटताना मिळायचे सर्व्हिसचे पैसे किती ते कागदावर लिहून देऊन, मोकळ्या हातानं. घरी मी यातलं काही सांगितलं नव्हतं. बायकोला टीव्हीवरून कळलं, आणि ती जे काही बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लातूरचा ट्रकवाला

स्वस्त कुठं झालं म्हणता? ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचा दर बाजारावर सोडला, म्हणजे क्रूड पडलं की आम्हाला फायदा व्हायला पाहिजे होता. नोव्हेंबर 2014 ते जानेवारी 2016 या काळात अबकारी कर नऊ वेळा वाढला. पेट्रोलवर लिटरमागं 11.77 रुपये, डिझेलवर 13.47. थोडंफार उतरलं, नाही म्हणत नाही. पण व्यापारी पेपरातली बातमी पुढ्यात टाकायचे आणि भाडं कमी करा म्हणायचे. क्रूड निम्म्यावर आलं म्हणजे आमचं डिझेलही निम्म्यात येतं असा त्यांचा समज. 2020च्या मे महिन्यात तर एका रात्रीत डिझेलवर 13 आणि पेट्रोलवर 10 रुपये कर चढला आणि पंपावरचा आकडा हललासुद्धा नाही. त्याच पैशातून रस्ते झाले असं कुणी म्हणेल. झाले असतील, त्या रस्त्यांवर टोलही आम्हीच भरतो.

धागाकर्ती

दादा, अनुभव शंभर टक्के मान्य. पुढचा प्रतिसाद कराच्या धोरणावर येऊ नये म्हणून आधीच हात जोडते.

अ‍ॅबर्डीनहून परतलेली

नवरा सबसी इंजिनिअर, म्हणजे समुद्रतळावरच्या पाइपलाइन आणि व्हॉल्व्हची कामं. स्कॉटलंडमधल्या या शहराचं सगळं उत्तर समुद्रातल्या तेलावर चालतं. आम्ही गेलो तेव्हा सोमवार ते गुरुवार हॉटेलात खोली मिळायची नाही, आणि मिळालीच तर लंडनच्या दरात. टॅक्सीवाल्यांना श्वास घ्यायला फुरसत नसायची.

पहिली कुऱ्हाड कंत्राटी लोकांवर पडली. ई-मेल यायची की दरात दहा टक्के कपात, मान्य नसेल तर आजवरच्या सहकार्याबद्दल आभार. यातले बरेचजण स्वतःच्या नावाची छोटी कंपनी काढून काम करायचे, त्यामुळे नोकरी गेल्यावर भरपाई वगैरे काही नाही. मग प्लॅटफॉर्मवरच्यांच्या पाळ्या बदलल्या. आधी अनेक ठिकाणी दोन आठवडे समुद्रात आणि तीन आठवडे घरी असं असायचं, ते तीन-तीन झालं. वरवर क्षुल्लक वाटतं. पण हिशेब मांडून बघा: आधी एका जागेमागे अडीच माणसं लागायची, आता दोन. आमच्या बिल्डिंगमधला एक क्रेन ऑपरेटर त्या उरलेल्या अर्ध्यात गेला. शिवाय मुलांचे वाढदिवस, शाळेची नाटकं यांचं गणित प्रत्येक घरात नव्यानं बसवावं लागलं ते वेगळंच.

तिथल्या उद्योग संघटनेच्या अंदाजानुसार तेल-वायूवर अवलंबून असलेले रोजगार 2014 मध्ये साडेचार लाखांच्या आसपास होते, ते 2016 मध्ये सव्वातीन लाखांच्या जवळ आले. हा आकडा सगळ्या ब्रिटनचा. आमच्यासारख्यांना वर व्हिसाचं घड्याळ असतं. नोकरी गेली की साधारण 60 दिवसांत नवी कंपनी शोधा नाहीतर निघा. आणि सगळं शहर एकाच वेळी नोकरी शोधत असताना शोधायची कुठे? आम्ही निघालो. घर विकत घेतलेले मित्र अडकले, कारण विकायला काढलेल्या घराला गिऱ्हाईक येईना. त्या वर्षी गणपतीला मोदकांचं सारण उरलं.

ह्यूस्टनकर

वरच्या ताईंचे 60 दिवस वाचून हेवा वाटला. इथे अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावाल्यांना ही 60 दिवसांची मुभा जानेवारी 2017 पासून मिळाली. मला 2015च्या उन्हाळ्यात काढलं, तेव्हा नियमानं एक दिवसही नव्हता. मी भूभौतिकशास्त्रज्ञ, आणि तेल शोधणं हे खर्चातलं सगळ्यांत आधी कापायचं कलम. आता एका बँकेत डेटाचं काम करतो. परत त्या क्षेत्रात बोलावलं होतं, गेलो नाही.

शिरोळचा उसवाला

आमचा ऊस आणि तुमचं क्रूड यांचा संबंध मलाबी कारखान्यातल्या एका केमिस्टनं समजावून सांगितला. ब्राझीलमधली बरीच वाहनं पेट्रोलवरबी चालत्यात आणि इथेनॉलवरबी. तेल स्वस्त झालं की तिथं इथेनॉलला कोण विचारत नाही. मग तिथले कारखाने त्याच उसाची साखर करत्यात आणि जगाच्या बाजारात ओतत्यात. फेब्रुवारी 2020 मध्ये न्यूयॉर्कला कच्ची साखर पौंडाला 15 सेंटच्या घरात होती, एप्रिलअखेर 10च्या खाली. क्रूड पडलं त्याच दिवसांत.

आपल्याकडं साखरेला किलोला 31 रुपयांची किमान विक्री किंमत होती, म्हणून देशातला दर तग धरून राहिला. पण निर्यात परवडेना. टनाला 10,448 रुपयांचं अनुदान होतं तरी कारखान्यांचं तोंड वाकडंच. माल गोदामात, गोदामावर बँकेची उचल, आणि आमची एफआरपी, म्हणजे सरकारनं ठरवलेला उसाचा किमान दर, तुकड्यातुकड्यानं. 2014-15ला तर त्याहून वाईट. एफआरपी टनाला 2,200 ठरलेली आणि साखरेचा दर खाली-खाली जाणारा, किमान किमतीचा टेकूबी नव्हता तवा. त्या हंगामाचा शेवटचा हप्ता पोरीच्या लग्नात कामाला यायचा होता. आला तवा तिचं बारसं झालं होतं, म्हणजे तिच्या लेकाचं.

आता गावातली पोरं म्हणत्यात इथेनॉलमुळं सुटका झाली. आपल्याकडं इथेनॉलचा दर सरकार ठरवतं, क्रूडवर नाचत नाही, हे खरं. पण तो दर ठरवणाराबी माणूसच हाय.

टँकरवरचा

शिव्या खायची तयारी ठेवून लिहितोय. भाव पडला की आमची चांदी असते. तेल आज स्वस्त आणि सहा महिन्यांनंतरचा सौदा महाग असला की व्यापारी तेल घेऊन साठवतात. जमिनीवरच्या टाक्या भरल्या की जहाजं भाड्यानं घेतात. 2020च्या एप्रिलमध्ये मोठ्या टँकरचे दर आभाळाला भिडले होते. सिंगापूरच्या आसपास नांगर टाकून आम्ही नुसते उभे, पोटात वीस लाख पिंपं. चांदी अर्थात मालकाची, आमचा पगार करारात होता तेवढाच. वर कोविडमुळे बदली माणूस येईना, करार संपून गेला तरी घरचं तोंड नाही.

सप्लाय बोटीवरचा

टँकरवाले भाऊ, तुम्ही निदान जहाजावर तरी होता. मी ऑफशोअर सप्लाय बोटीवर. रिगला पाणी, डिझेल, सिमेंट, भाजीपाला पोचवणाऱ्या बोटी. विहिरी खोदणं थांबलं की या बोटी खाडीत नेऊन बांधून ठेवतात. आमच्या मालकानं बोट बांधली आणि पगारही बांधून ठेवला. उतरलो तर थकबाकी बुडेल म्हणून आम्ही चौघं बोटीवरच राहिलो, एसी बंद आणि जनरेटर दिवसातून दोन तास. मुंबई हायवर (अरबी समुद्रातल्या आपल्या तेलक्षेत्रावर) काम करणाऱ्यांना एवढा फटका बसला नाही, कारण ते सरकारी कंपनीचं क्षेत्र, तिथलं खोदकाम चालू राहिलं. आखातात खासगी बोटीवर असलेल्यांना विचारा.

दोडामार्गचो

रबर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. क्रूड पडलं की कृत्रिम रबर स्वस्त होतं आणि टायरवाले तिकडे वळतात. चीनची मागणीही घटली होती. 2011 मध्ये किलोला 200च्या वर मिळालेला दर 2016च्या सुरुवातीला 100च्या आतबाहेर. आम्ही झाडं तशीच उभी ठेवली, कारण चीक काढणाऱ्याची मजुरी दरापेक्षा जास्त व्हायला लागली. शेजाऱ्यानं तोडून काजू लावला. काय बरोबर, ते बागायतदाराला सात वर्षांनी कळतं.

ब्रोकरकडचा कारकून

20 एप्रिल 2020 च्या रात्री अमेरिकेत क्रूडचा वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला. लॉकडाऊनमुळे आपला वायदेबाजार, एमसीएक्स, संध्याकाळी पाचलाच बंद व्हायचा, त्यामुळे कुणाला हात हलवता आले नाहीत. सौदे मिटले उणे 2,884 रुपयांना. म्हणजे खरेदीदारानं माल घ्यायचा नाही, वर पैसेही द्यायचे. ग्राहकांनी फोन उचलणं सोडलं, मालकाला पदरचे भरावे लागले आणि दिवाळीपर्यंत ऑफिसातले आम्ही निम्मे उरलो.

पनवेलची, वडील कुवेतला होते

बाबा ऐन तरुणपणी गेले, 1990 मध्ये इराकनं आक्रमण केलं तेव्हा अम्मानमार्गे परत आले, पुन्हा गेले. त्यामुळे 2020 मध्येही ते म्हणत होते, याहून वाईट बघितलंय. पण या वेळी तेल पडलं तसा तिथला सूरच बदलला, की परदेशी माणसं फार झालीत. साठी ओलांडलेल्या आणि पदवी नसलेल्यांचे परवाने वाढवून द्यायचे नाहीत असा नियम 2021 पासून आला. बाबा दहावी. पुढे जादा फी आणि विमा भरून मुभा दिली, पण ती रक्कम त्यांच्या पगाराच्या मानानं अशक्य होती. आता घरी असतात. सकाळी मोबाइलवर कुवेतचं हवामान आणि दिनारचा भाव बघतात. आई चिडते.

धागाकर्ती

मंडणगडचे दादा, एक विचारायचं राहिलं. तुमच्या त्या थकलेल्या पैशांचं पुढे काय झालं?

मंडणगडचा वेल्डर

थोडे आले ताई, बऱ्याच उशिरानं, वकिलातीमार्फत. बाकीच्यांचा पत्ता नाही. मी आता लोट्याला एका फॅब्रिकेशनवाल्याकडे आहे. पगार तिकडच्या निम्मा. धाकटा भाऊ मात्र ऐकत नाही, त्याची येत्या मंगळवारी ट्रेड टेस्ट आहे. गॅस प्लांटचं काम आहे म्हणतो, तेलाचं नाही.