बंगाली रंगभूमीवरची गाणी : कार्यक्रमाचा क्रम कसा लावावा, चाली कुठून मिळवाव्यात?

रंगपट
बंगाली नाटकांतल्या गाण्यांवर निवेदनासह दीड तासाचा कार्यक्रम बसवायचा आहे. श्रोते मराठी, नाट्यपदांवर पोसलेले. एक बाईचा आवाज, एक पुरुषाचा, शिवाय हार्मोनियम, तबला, बासरी. बंगाली लिपी वाचता येते. तीन प्रश्न आहेत :
१) सुरुवात कुठून करावी? लेबेदेव, यात्रा (बंगालचं लोकनाट्य) की थेट नाटककार गिरीशचंद्र घोष?
२) जुन्या छापील नाटकांत गाण्याच्या डोक्यावर राग-ताल असतो, स्वर नसतात. तेवढ्यावरून चाल बांधली तर चालेल का?
३) रवींद्रनाथ यात धरायचे की नाही?

नेपथ्यकर
लेबेदेवला निवेदनात दोन वाक्यं पुरेत. २७ नोव्हेंबर १७९५ ला या रशियन वादकाने कलकत्त्यात डोमतळ्याला बंगाली नाटक केलं आणि गाण्यांसाठी कवी भारतचंद्रांची पदं घेतली. पण त्या प्रयोगातून पुढे परंपरा सुरू झाली नाही. यात्रेवर मात्र जरा थांबा. तिथे 'जुडी' असायचे. आसराच्या, म्हणजे प्रयोगाच्या मोकळ्या जागेच्या, कोपऱ्यांवरून गायक उठून उभे राहायचे आणि पात्राच्या वतीने गायचे. पुढे 'विवेक' हे पात्र आलं. ते मधेच येऊन गातं, नायकाच्या मनातलं बोलतं आणि निघून जातं. हे समजलं की पुढच्या शंभर वर्षांतली निम्मी गाणी नाटकात त्या त्या जागी का आहेत ते कळतं.

तुमच्या श्रोत्यांना मूळ फरक इथेच सांगून टाका. किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'पासून (१८८०) आपल्याकडे नायक-नायिका स्वतः गातात. बंगालमध्ये गाणं बहुतेक वेळा कडेच्या पात्राच्या तोंडी येतं : सख्या, भिकारी, बाउल, चारण, वैतालिक. गिरीशचंद्रांच्या 'बिल्वमंगल'मधली (१८८६) पागलिनी घ्या. कथेत तिचं काम थोडं, गाण्यात मात्र सगळा भार तिच्यावर. 'चैतन्यलीला' (स्टार थिएटर, १८८४) अपवाद, कारण तिथे नायकच कीर्तनकार. चैतन्याचं काम अभिनेत्री बिनोदिनी करायची आणि त्याच वर्षी सप्टेंबरात रामकृष्ण परमहंस प्रयोगाला आले होते.

माझ्या मते खरं वळण १८७३ चं. १८७२ च्या डिसेंबरात नॅशनल थिएटरने 'नीलदर्पण' तिकीट लावून केलं, पण त्यात बायकांची कामं पुरुषांकडेच होती. पुढच्या वर्षी बेंगॉल थिएटरने 'शर्मिष्ठा'त अभिनेत्री घेतल्या. त्यांच्यातल्या अनेकजणी आधीपासून गाणाऱ्या. टप्पा, खेमटा, कीर्तन सगळं त्यांच्या गळ्यात तयार होतं आणि नाटककार त्या गळ्यांसाठी लिहू लागले. १८९७ चं 'अलिबाबा' (क्लासिक थिएटर, नाटककार क्षीरोदप्रसाद) हे त्याचं टोक. नाच-गाणं एवढं की कथा नावापुरती. मर्जिना कुसुमकुमारी, अब्दल्ला नृपेंद्रचंद्र बसू. मध्यंतराआधी ठेवा, सभागृह जागं होईल.

दंडमात्रा
प्रश्न २ : नुसत्या राग-तालावरून बांधलेली चाल तुमची स्वतःची होईल, तसं निवेदनात सांगून मग खुशाल गा. 'झिंझोटी, आडखेमटा' एवढ्यावरून मूळ चाल उभी राहत नाही. शिवाय त्या काळचं बंगाली राग-नाव आणि आपल्याकडचं चलन दर वेळी जुळेल असंही नाही. गिरीशचंद्रांच्या बऱ्याच गाण्यांची ही अडचण आहे. नाटककार द्विजेंद्रलाल रायांचं तसं नाही. त्यांचे चिरंजीव दिलीपकुमार राय यांनी केलेली स्वरलिपी मिळते. रवींद्रनाथांची 'स्वरवितान'मध्ये आहे.

स्वरलिपी आकारमात्रिक (बंगालमधली स्वरलेखनाची पद्धत) असेल. भातखंडे पद्धतीच्या सवयीने वाचाल तर पहिल्याच ओळीत फसाल. कोमल-तीव्रासाठी खालीवर रेघा नसतात, अक्षरच बदलतं :
ऋ = कोमल रे, ज्ञ = कोमल ग, ह्म = तीव्र म, द = कोमल ध, ण = कोमल नि. र, ग, म, ध, न हे शुद्ध.
मराठी डोळा 'द' आणि 'ण' हमखास चुकवतो. 'ण' दिसला की 'नि' म्हणून शुद्ध लावतो आणि खमाजाचा बिलावल होतो.

मात्रा काना मोजून धरायची. 'सा रा गा' म्हणजे तीन मात्रा. 'सरा' म्हणजे एका मात्रेत दोन स्वर, 'सरगमा' म्हणजे एका मात्रेत चार. नुसता काना असेल तर आधीचा स्वर आणखी एक मात्रा लांबवायचा. अक्षराखाली हसन्त (पाय मोडल्याची खूण) म्हणजे मंद्र, वर रफार म्हणजे तार. महिरपी कंसातला भाग दोनदा म्हणायचा. त्याच्या आत साधा कंस असेल तर तेवढा तुकडा दुसऱ्या खेपेला गाळायचा.

खोलबोल
गाताना काय बिघडतं ते सांगतो.

पहिलं, ताना. नाट्यपदासारखी दहा मिनिटं फिरत घेतली की गाणं कोसळतं. ही गाणी तीन-चार मिनिटांची, शब्दांवर चालणारी. दीड तासात बारा-तेरा धरा, बाकी निवेदन.

दुसरं, संचारी. चार तुकांच्या (भागांच्या) गाण्यात हा तिसरा तुक मुद्दाम मंद्र-मध्यात उतरतो. तो अंतऱ्यासारखा चढवू नका, नाहीतर चौथ्या तुकाला चढायला जागाच उरत नाही.

तिसरं, ठेका. खेमटा तीन-तीन मात्रांच्या गटांत चालतो. भरीव दादरा वाजवला की त्यातली लचक जाते. बायाँ मोकळा ठेवा, चाटीवर हलकं काम करा. कीर्तनाच्या गाण्यांना तबला शोभत नाही. खोल (बंगाली मृदंग) नसेल तर पखवाजापेक्षा टाळ आणि अगदी हलका ढोलक बरा.

चौथं, उच्चार. 'अ' बऱ्याच ठिकाणी 'ओ'कडे झुकतो, 'स' बहुधा 'श' होतो, 'व'चा 'ब'. छापलंय 'महासिन्धुर', म्हणायचं 'मोहाशिन्धुर'. 'क्ष' शब्दाच्या सुरुवातीला 'ख', मधे 'क्ख'. मात्र 'स्त', 'स्थ'मध्ये स तसाच राहतो, तिथे श केला तर हसं होतं.

जुन्या तबकड्यांवरून चाल उचलणार असाल तर एक सावधगिरी. १९०२ च्या नोव्हेंबरात कलकत्त्यात झालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रणांत क्लासिक थिएटरच्या शशीमुखी आणि फणीबाला होत्या. पण त्या काळात तबकडीची गती ठरलेली नव्हती, सरसकट ७८ वर वाजवली की सूर सरकतो आणि लयही. आवाज बालिश वाटला तर गती कमी करून बघा. आणि एका बाजूला तीनेक मिनिटंच मावायची, त्यामुळे कडवी गाळलेली असतात. शब्द छापील नाटकावरूनच पुरे करा.

रंगपट
संचारीचा मुद्दा नेमका उपयोगी पडला. रवींद्रनाथांचं मात्र राहिलं. आणि १९२० नंतरचं काय घ्यावं?

नेपथ्यकर
रवींद्रनाथ धरा, पण वेगळ्या ओळीत. 'वाल्मीकिप्रतिभा' (१८८१) ठाकूरांच्या जोडासाँकोच्या घरातली, धंदेवाईक रंगमंचावरची नाही. तिथे संवादच गाण्यात आहेत. 'काली काली बलो रे आज' हे दरोडेखोरांचं गाणं 'नॅन्सी ली' या इंग्रजी खलाशी गाण्याच्या चालीवर आहे. दोन्हींच्या दोन-दोन ओळी लागोपाठ म्हणा, समजावून सांगावं लागणार नाही.

द्विजेंद्रलालांचं एक घ्याच : 'शाहजहान'मधलं (१९०९) 'धनधान्य पुष्प भरा'. ध्रुवपद समूहाने म्हणायचं असतं, त्यामुळे वादकांनाही गायला लावा. एकट्या गळ्यावर ते ओकंबोकं वाटतं. 'चंद्रगुप्त'मधलं (१९११) 'ओइ महासिन्धुर ओपार थेके' पुरुष आवाजाला द्या.

पुढे शिशिरकुमार भादुडींचं 'सीता' (१९२४). गीतं हेमेंद्रकुमार रायांची, वैतालिक म्हणून कृष्णचंद्र डे स्वतः रंगमंचावर गायचे. 'अन्धकारेर अन्तरेते' त्यांच्या आवाजात ऐका आणि शब्दाआधीचा त्यांचा थांबा जसाच्या तसा उचला. नझरुलचं एखादं मन्मथ राय यांच्या 'कारागार'मधलं (१९३०) घ्या. कंसाच्या तुरुंगाची कथा आहे, पण रोख कुणावर हे सरकारला बरोबर कळलं आणि बंदी आली.

'नबान्न' (१९४४) नंतरचं गणनाट्य (लोकचळवळीतलं नाटक) याच कार्यक्रमात कोंबू नका. ती गाणी जथ्याने म्हणायची आहेत, दोन गळ्यांत निभणार नाहीत.

खोलबोल
पट्टीचंही आत्ताच ठरवा. बाईचा काळी चार-पाच आणि पुरुषाचा काळी एक असेल तर आलटून पालटून गाणी ठेवू नका, तबला बदलण्यातच दहा मिनिटं जातील. 'अलिबाबा'पर्यंतचा पहिला भाग बाईच्या पट्टीत सलग आणि द्विजेंद्रलालांपासून पुढचा पुरुषाच्या. कालक्रमही मोडत नाही.