वाइन फ्रिज : खाऱ्या हवेत कोणता टिकेल?

मदत हवी आहे. वेंगुर्ल्यात घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. नाशिकच्या रेड आणि व्हाइटच्या वीसेक बाटल्या ठेवायच्यात. रेडला १४-१६ अंश, व्हाइटला ८-१० अंश, म्हणून दोन झोनचाच हवा. घरचा फ्रिज वापरून पाहिला. ४ अंशांवर रेडची चवच दबून जाते.

थर्मोइलेक्ट्रिक (कॉम्प्रेसर नसलेली) मॉडेल फारसा आवाज करत नाहीत, पण खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशच खाली जातात. मे महिन्यात आमच्या स्वयंपाकघरात ३३-३४ असतं, एसी नाही. त्यामुळे कॉम्प्रेसरवालाच घेणार. ओट्याखाली बसवायचा आहे, म्हणजे गरम हवा पुढून सोडणारा लागेल. बजेट साठ-सत्तर हजार, स्टॅबिलायझर आहे.

खरी काळजी खाऱ्या वाऱ्याची. जुन्या फ्रिजच्या मागच्या जाळीला हात लावला की गंजाचे पोपडे निघतात. शिवाय ओळखीच्यांच्या वाइन फ्रिजच्या काचेच्या दारावर पावसाळ्यात बाहेरून पाणी धरतं आणि ओघळून खालच्या प्लायवूडमध्ये मुरतं.

किनाऱ्यावर कुणी असा फ्रिज दोन-तीन पावसाळे वापरला आहे का? कॉइल तांब्याची टिकली की ॲल्युमिनियमची, दुहेरी काचेने पाणी धरायचं थांबतं का, आणि दुरुस्तीला माणूस कुडाळ-सावंतवाडीहून मिळतो की गोव्याहूनच बोलवावा लागतो?