मदत हवी आहे: एक्सेलमध्ये 30 दिवसांच्या आत परत आलेले रुग्ण कसे मोजायचे?

ओपीडीच्या नोंदींची शीट आहे, सुमारे 40,000 ओळी. कॉलम ए मध्ये नोंदणी क्रमांक (टेक्स्ट), बी मध्ये तारीख, सी मध्ये विभाग. आधीच्या भेटीनंतर 30 दिवसांच्या आत रुग्ण परत आला, तर त्या ओळीत 1 हवा, नाहीतर 0.

सध्या मॅक्सइफ्सने (MAXIFS, अटींत बसणाऱ्यांतला सर्वांत मोठा आकडा देणारं फंक्शन) त्याच क्रमांकाची, या ओळीच्या तारखेआधीची सर्वांत अलीकडची तारीख काढतो आणि वजाबाकी करतो. आधीची भेट नसेल तर मॅक्सइफ्स शून्य देतं, एक्सेलमध्ये तारीख म्हणजे दिवसांचा आकडा असल्याने फरक हजारोंत जातो, म्हणून पहिली भेट आपोआप वगळली जाते. एकाच दिवशी दोन विभागांत गेलेला रुग्ण दोनदा धरला जायचा. वाढत्या रेंजचा (पहिल्या ओळीपासून चालू ओळीपर्यंतचा) काउंटइफ्स (COUNTIFS, अटींत बसणाऱ्या ओळी मोजणारं फंक्शन) लावून त्या दिवसाची फक्त पहिली ओळ घेतली, तेही जमलं.

अडलंय ते दोन ठिकाणी. ‘00123’ आणि ‘123’ हे वेगळे रुग्ण आहेत, पण काउंटइफ्स आणि मॅक्सइफ्स दोन्हींना ते एकच आकडा वाटतात. मदतीच्या कॉलममध्ये क्रमांकाआधी एक अक्षर जोडलं की हे सुटतं, पण खरी अडचण वेगाची: प्रत्येक ओळ सगळा कॉलम चाळते, त्यामुळे एक नोंद टाकली तरी शीट बराच वेळ अडकते. त्याऐवजी समप्रॉडक्ट (SUMPRODUCT) फंक्शन वापरलं तर ते त्याहून संथ.

एक्सेल 2019 आहे, म्हणजे फिल्टर, युनिक ही फंक्शन्स नाहीत. मॅक्रोला (एक्सेलमध्ये चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमला) परवानगी नाही. ओळी पावती क्रमांकानेच राहायला हव्यात, त्यामुळे रुग्णानुसार सॉर्ट करून वरच्या ओळीशी तुलना करता येत नाही. मदतीचे कॉलम कितीही चालतील.

सॉर्ट न करता प्रत्येक ओळीला त्याच रुग्णाची मागची ओळ झटपट सापडेल, असा फॉर्म्युला कसा बांधायचा?