मदत हवी आहे: एस्प्रेसो मशीनला पीआयडी (तापमान धरून ठेवणारा कंट्रोलर) जोडला, पण बॉयलर तापतच नाही

गिरणाकाठ (जळगाव)

मंडळी, मशीन गॅजिया क्लासिक, २३० व्होल्ट, पाटीवर १४२५ वॅट. १०७ अंशांचा मूळ थर्मोस्टॅट फार हेलकावे खातो, एक कप आंबट तर पुढचा जळका. म्हणून आरईएक्स-सी१०० कंट्रोलर, ४० अँपिअरचा एसएसआर (सॉलिड स्टेट रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) आणि एम४ आट्यांचा के-टाइप सेन्सर (थर्मोकपल) आणला. थर्मोस्टॅट काढून त्याच भोकात सेन्सर बसवला. थर्मोस्टॅटच्या दोन वायरी एसएसआरच्या १-२ ला, कंट्रोलरचं आउटपुट ३-४ ला.

सेट १०५. आकडा ३८ दाखवतो, खोलीच तेवढी तापलीय. 'आउट'चा दिवा लागतो, आतून टिक टिक येते, पण एसएसआरचा लाल दिवा लागत नाही आणि बॉयलर थंड. हीटरकडची वायर काढून एसएसआरवर मल्टिमीटर धरला तर बंद असतानाही २०० च्या आसपास व्होल्ट दिसतात. एसएसआर गेला का? आणि कंट्रोलर मशीनच्या आत बसवू की बाहेर?

भरीत_पार्टी (भुसावळ)

टिक टिक ऐकू येते म्हणालात तिथेच उत्तर आहे. कंट्रोलरच्या बाजूचं लेबल वाचा. मॉडेल नंबरात डॅशनंतर 'व्ही' असेल तर तो एसएसआरसाठी डीसी व्होल्टेज देतो. 'एम' असेल तर आत साधा रिले आहे. तो नुसता संपर्क जोडतो-तोडतो, स्वतःहून एक व्होल्टही देत नाही. मग एसएसआर पेटणार कसा? ऑनलाइन मागवताना हा घोळ नेहमीचा, फोटो दोन्हींचा सारखाच असतो.

एसएसआर बहुतेक ठणठणीत आहे. बंद असतानाही त्यातून थोडी गळती होतेच, आणि डिजिटल मीटर इतका कमी करंट ओढतो की त्याला ती पूर्ण व्होल्टेजसारखी दिसते. त्यामुळे लोड न लावता घेतलेलं माप फसवं. ६० वॅटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये लावा आणि ३-४ ला ९ व्होल्टची बॅटरी द्या, ३ ला अधिक. बल्ब पेटला आणि बॅटरी काढल्यावर पूर्ण विझला, तर एसएसआर चांगला. बॅटरी नसतानाही पेटलेलाच राहिला तर तो शॉर्ट झालाय, फेकून द्या.

आणि एक. एसएसआर एकच वायर तोडतो. घरातल्या सॉकेटला फेज-न्यूट्रल उलटे असतील तर हीटर 'बंद' असूनही जिवंत राहतो. झाकण उघडण्याआधी पिन काढायचीच, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

गिरणाकाठ (जळगाव)

पाहिलं, 'एम'च आहे. मग वेगळा १२ व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर रिलेतून एसएसआरला दिला तर?

भरीत_पार्टी (भुसावळ)

चालेल, पण टिकणार नाही. दर २ सेकंदांच्या सायकलने रिलेचे तासाला १८०० खटके होतात. खटके वाचवायला सायकल २० सेकंदांवर नेली तर एवढ्याशा बॉयलरवर पुन्हा हेलकावे सुरू, मग थर्मोस्टॅट काय वाईट होता? 'एम' परत करा, 'व्ही' मागवा.

लळिंग_किल्ला (धुळे)

कंट्रोलर बाहेरच. हे कंट्रोलर ५० अंशांपर्यंतच्या हवेसाठी असतात. मे महिन्यात आपल्याकडे बाहेरच ४४-४५, मग बॉयलरशेजारी झाकणाखाली काय होईल बघा. शिवाय के-टाइप सेन्सर मोजतो तो टोक आणि कंट्रोलरचे टर्मिनल यांच्यातला फरक. टर्मिनलचं तापमान कंट्रोलर आपल्या अंगच्या सेन्सरने धरतो. एका बाजूने भाजत राहिला तर आकडा दोन-चार अंश खोटा येतो. बाजूला छोटा डबा करा, ४५ मिमीचं चौकोनी भोक पुरतं. सेन्सरची वायर कमी पडली तर साधी तांब्याची वायर जोडून वाढवू नका, के-टाइपचीच घ्या.

एसएसआरमधून ६ अँपिअर गेले तरी ६ ते ९ वॅट उष्णता निघते. हीटसिंक पेस्ट लावून मागच्या पत्र्याला बाहेरून स्क्रूने आवळा आणि टर्मिनलवर झाकण बसवा. आतल्या वायरी घरगुती पीव्हीसीच्या नकोत, त्या बॉयलरला टेकल्या की मऊ पडतात. मोटार वाइंडिंगच्या दुकानात फायबर ग्लास स्लीव्ह आणि हीटरची वायर सहज मिळते, १.५ चौ. मिमी घ्या. लग (वायरीच्या टोकाचे कनेक्टर) ६.३ मिमीचे, नीट दाबलेले. सैल लग आधी काळा पडतो, मग जळतो.

१४५ चा वाफेचा थर्मोस्टॅट आणि थर्मल फ्यूज (फार तापलं की तुटणारा) हीटरच्या वाटेत सिरीजमध्येच आहेत ना, ते मीटरने तपासा. एसएसआर बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्टच होतो, मग हीटर थांबवणारं दुसरं कुणी नसतं.

तापी_बारमाही (नंदुरबार)

ट्यूनिंगबद्दल. आधी बॉयलरमधला क्षार काढा. बोअरच्या पाण्याचा थर बसला की धातू तापतो, पाणी मागे राहतं, आणि ऑटोट्यूनला (कंट्रोलर स्वतःच आपली सेटिंग ठरवतो, त्याला) चुकीचं गणित मिळतं. बॉयलर अ‍ॅल्युमिनियमचा आहे, सायट्रिक अ‍ॅसिड रात्रभर ठेवू नका. लिटरला २० ग्रॅम, १५-२० मिनिटं, मग दोन टाक्या साधं पाणी.

बॉयलर भरून, कॉफीचं हँडल अडकवून अर्धा तास तापवा, मग ऑटोट्यून. तेवढा वेळ पाणी सोडू नका. नंतरही आकडा वर उसळत असेल तर 'पी' वाढवा. या कंट्रोलरमध्ये 'पी' म्हणजे अंशांतला पट्टा, जितका मोठा तितका मवाळ. इथे बरेच जण उलटं करून बसतात.

१०५ हा बॉयलरच्या धातूचा आकडा, कॉफीचा नाही. थर्माकोलच्या कपात दुसरा सेन्सर ठेवून ग्रुपखालचं (हँडल अडकतं तिथून पडणारं) ६० मिली पाणी मोजा, ९२-९३ येईपर्यंत सेट हलवा. बॉयलर जेमतेम १०० मिलीचा असल्याने टाकीतल्या पाण्याचाही फरक पडतो. जानेवारीत पहाटे १२-१३ अंशांचं पाणी आणि मे महिन्यात ३८ चं, एकाच सेटवर कप वेगळा. थंडीत एक-दोन अंश वर ठेवा.

संध्याकाळी व्होल्टेज १९० वर उतरलं तर हीटर हजार वॅटच्याही आत येतो, तेव्हा ट्यून करू नका. वाफ काढल्यावर आकडा १०५ च्या खाली येईपर्यंत पाणी सोडा आणि तो मिनिटभर स्थिरावू द्या. लगेच शॉट (कॉफी) काढलात तर तो थंड निघेल.

गिरणाकाठ (जळगाव)

'व्ही' मागवला. सेन्सरच्या आट्यांना कॉम्प्युटरची पेस्ट चालेल?

लळिंग_किल्ला (धुळे)

चालते, तांदळाच्या दाण्याएवढी. सेन्सर हातानेच घट्ट करा, वर पान्याने पाव फेरा. अ‍ॅल्युमिनियमचे आटे एकदा गेले की नवा बॉयलर, भो.