दोन अंकी नाटक लिहायला शिकायचे आहे : पुण्यात कोठे आणि कसे? (मर्यादा ५,००० रुपये)

गच्चीवरचा :
नमस्कार. मी पुण्यात एका सहकारी बँकेत नोकरी करतो आणि गेली काही वर्षे नियमाने नाटके पाहतो. सध्या एक दोन अंकी नाटक लिहीत आहे. सदाशिव पेठेतील एका जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाचा निर्णय घेण्यासाठी सर्व सभासद एका संध्याकाळी गच्चीवर सभा भरवतात आणि संपूर्ण नाटक त्या सभेतच घडते. पात्रे अकरा आहेत. पहिला अंक बऱ्यापैकी जमला आहे असे मला वाटते, परंतु दुसऱ्या अंकात सगळे जण केवळ बोलत राहतात आणि कोणाच्याही बोलण्याने काहीच बदलत नाही. ही विद्या शिकण्यासाठी मी कार्यशाळा करावी, पुस्तके वाचावीत की आणखी काही करावे? खर्चाची मर्यादा पाच हजार रुपये आहे आणि मला संध्याकाळी सातनंतर व रविवारीच वेळ मिळतो.

तिसरी_घंटा :
आपण सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात प्रवेश घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. महानिर्वाण आणि बेगम बर्वे लिहिणाऱ्या सतीश आळेकरांनी ज्या केंद्राची धुरा वाहिली, ते आपल्याच शहरात असताना इतरत्र कशाला शोधायचे? माझी भाची तेथे पूर्ण वेळ शिकली आणि आज ती अभिनय, प्रकाशयोजना व लेखन या तिन्ही गोष्टी आत्मविश्वासाने करते. नाटककाराला प्रकाशाची भाषा कळली नाही, तर त्याच्या रंगसूचना कादंबरीतील वर्णनांसारख्या होतात. त्याहून मोठी झेप घ्यायची असेल, तर दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रमही आहे.

फुलस्केप :
त्यांना नोकरी आहे आणि संध्याकाळी सातनंतरच वेळ आहे, हे त्यांनी पहिल्याच निवेदनात लिहिले आहे. मी एका संस्थेची शनिवार-रविवारची लेखन कार्यशाळा बारा हजार रुपये भरून केली होती. मार्गदर्शकांनी बराचसा वेळ स्वतःच्या गाजलेल्या प्रयोगांच्या आठवणी सांगण्यात घालवला आणि आम्ही लिहून नेलेली पाने उघडलीसुद्धा नाहीत. त्या सगळ्यातून एकच गोष्ट माझ्या उपयोगी पडली, ती येथे फुकट सांगतो. प्रत्येक प्रवेश लिहिण्याआधी प्रत्येक पात्राला समोरच्याकडून काय हवे आहे, ते एका क्रियापदात लिहावे : कबूल करून घेणे, घाबरवणे, वेळ काढणे, माफी मिळवणे. ‘आपली बाजू मांडणे’ हे क्रियापद चालत नाही, कारण त्यात समोरच्या माणसाकडून काहीच मागितलेले नसते. तुमचा दुसरा अंक अडला आहे तो बहुधा याच जागी, कारण सभेत माणसे बाजू मांडतात आणि नाटकात ती एकमेकांकडून काहीतरी काढून घेऊ पाहतात.

पंचसंधी :
वरील सर्व उपाय तात्पुरते आहेत. नाट्यशास्त्राने मुख, प्रतिमुख, गर्भ, विमर्श आणि निर्वहण असे पाच संधी, म्हणजे कथानकाचे पाच टप्पे, सांगितले आहेत, आणि आजच्या मराठी लेखकांनी त्यांचा अभ्यास सोडल्यामुळे अनेक नाटके मध्यंतरानंतर कोसळतात. हाती येऊ लागलेली गोष्ट निसटते आहे असे वाटायला लावणारा जो विमर्श संधी, तोच आपल्या दुसऱ्या अंकात नसावा. पुनर्विकासाचा ठराव जवळजवळ मंजूर झाला आहे, असा क्षण आपण लिहिला आहे का? तो नसेल, तर निसटण्यासारखे काही उरतच नाही.

विंगेतला :
मी अनेक वर्षे बॅकस्टेज केले आहे आणि नाटक कोठे चालते व कोठे अडते, हे विंगेतून जितके स्पष्ट दिसते तितके पहिल्या रांगेतूनही दिसत नाही. तेंडुलकरांच्या शांतता! कोर्ट चालू आहे या नाटकाची संहिता पेन्सिल घेऊन वाचावी आणि फक्त दाराकडे लक्ष ठेवावे. आरंभीच त्या दाराच्या कडीत नायिका बेणारेबाईंचे, म्हणजे पुढे खोट्या खटल्यात जिला आरोपी केले जाते तिचे, बोट सापडते आणि प्रेक्षक ती साधी दुखापत म्हणून सोडून देतो. पुढे जेव्हा त्यांना तेथून निघून जायचे असते, तेव्हा तेच दार बाहेरून बंद झालेले असते. कोणालाही समजावून सांगावे लागत नाही, कारण कडीची ओळख आधीच करून दिलेली आहे. दुसरी गोष्ट प्राध्यापक दामल्यांची, ज्यांच्याशी बेणारेबाईंचे संबंध असतात. ते नाटकात एकदाही रंगमंचावर येत नाहीत, तरीही त्यांच्या न येण्यामुळेच बेणारेबाई एकट्या पडतात.

आता आपल्या गच्चीचा विचार करा. गच्चीला जिना एकच असतो, दारही एकच असते आणि त्याची किल्ली कोणातरी एकाच सभासदाकडे असते. ती किल्ली कोणाकडे आहे, हे आपल्या पहिल्या अंकात आले आहे का?

कोथरूडची_वाचक :
आपण सर्वांत आधी एकांकिका लिहावी. पुरुषोत्तम करंडक १९६३ पासून चालू आहे आणि पुण्यातील कित्येक लेखक, दिग्दर्शक व नट त्याच स्पर्धेतून पुढे आले आहेत. मी स्वतः महाविद्यालयात असताना लिहिलेल्या एकांकिकेला लेखनाचे पारितोषिक मिळाले होते आणि भरत नाट्य मंदिरातील त्या प्रयोगाचा विषय आमच्या महाविद्यालयात अजूनही निघतो. एका तासात आशय मांडता आला, की दोन तास आपोआप पेलता येतात. शिवाय अकरा पात्रे फार झाली. तेवढ्या नटांच्या नाइट (प्रत्येक प्रयोगाचे मानधन), बस आणि तालमीच्या वेळा सांभाळणारा निर्माता नवोदित लेखकाला मिळत नाही, म्हणून पात्रे पाचांवर आणावीत.

फुलस्केप :
पुरुषोत्तम ही महाविद्यालयांची स्पर्धा आहे आणि विचारणारे गृहस्थ बँकेत नोकरी करतात. ‘आपोआप पेलता येतात’ हेही मला मान्य नाही. एकांकिकेत एकाच धक्क्याच्या दिशेने सारे ओढून नेले तरी चालते, पण तीच सवय घेऊन मोठे नाटक लिहिणारे लेखक मध्यंतराला एक धक्का आणि शेवटी दुसरा धक्का ठेवतात आणि मधला भाग ब्लॅकआऊटने जोडत जातात. एका प्रवेशातून दुसऱ्यात जाता येत नाही, म्हणून अंधार करायचा हा मार्ग आता फारच रुळला आहे.

रंगसूचना :
ब्लॅकआऊटला सरसकट दोष देणे अन्यायाचे आहे, कारण काळाची उडी दाखवण्याचे ते स्वच्छ साधन आहे. मात्र अंधार न करता प्रवेश कसे बदलावेत, हे पाहायचे असेल तर डिसेंबर १९७२ मध्ये पुण्यातच प्रथम रंगमंचावर आलेल्या घाशीराम कोतवालकडे पाहावे. तेथे ब्राह्मणांची रांगच पडदा होते, तीच भिंत होते, तीच गर्दी होते आणि तिने पाठ फिरवली की जागा बदलते. अकरा पात्रे जास्त आहेत असे वर म्हटले गेले, पण समूहाकडून असे काम करून घेतले, तर तो समूह भार राहत नाही.

पंचसंधी :
संस्कृत नाटकात कक्ष्याविभागाने स्थळ बदलत असे, म्हणजे पात्राने रंगमंचावरच एक परिक्रमा केली की नवे स्थळ मानले जाई, हे या निमित्ताने नमूद करतो. ब्लॅकआऊटचा वाद त्या दृष्टीने फारच अलीकडचा आहे.

गच्चीवरचा :
सर्वांचे मनापासून आभार. किल्लीचा उल्लेख पहिल्या अंकात नाही, आणि ठराव मंजूर होत आल्याचा क्षणही मी लिहिलेला नाही, हे दोन्ही प्रश्न वाचून लक्षात आले. नाटक एकाच संध्याकाळी सलग घडत असल्यामुळे त्यात ब्लॅकआऊट नाहीत. पुस्तकांविषयी आणि संहिता वाचण्याविषयी आणखी कोणी सुचवले तर बरे होईल.

नवा_पडदा :
मी पटकथेसाठी असलेली महागडी संगणक-प्रणाली आणि तिच्यासाठी नवा लॅपटॉप घेतला आहे. पाने सुबक होतात आणि पात्रांची नावे आपोआप मध्यभागी येतात, त्यामुळे लिहिण्याचा हुरूप वाढतो. आपणही घ्यावा, कारण अशी गुंतवणूक एकदाच करावी लागते.

शनिवारपेठकर :
लॅपटॉप घेण्यापेक्षा संहिता मोठ्याने वाचून घ्यावी, हा माझा आग्रह आहे. नाटक मनात वाचताना लेखक प्रत्येक विराम स्वतःच्या सोयीने भरतो. म्हणून वाचन दुसऱ्यांनी करावे, लेखकाने एकही ओळ वाचू नये आणि मध्ये काही समजावून सांगू नये. हातात घड्याळ आणि दुसरी प्रत घेऊन बसावे, ऐकणारे जेथे चुळबुळ करतात तेथे समासात खूण करावी, आणि वाचणारा जेथे वाक्य दोनदा सुरू करतो तेथे दुसरी खूण करावी, कारण ते वाक्य जिभेवर बसत नाही. वाचन संपल्यावर ‘आवडले का’ असे विचारू नये. गोष्ट काय घडली ते ऐकणाऱ्यांना सांगायला लावावे आणि त्यांच्या सांगण्यातून जे पात्र गळून पडते, ते संहितेतही गळलेलेच आहे असे समजावे. याला चहाचा खर्च येतो, आणखी काही नाही. मात्र वाचणाऱ्यांना अकरा आवाज वेगळे ठेवता येणार नाहीत, तेव्हा पात्रे कमी करावीत या मताशी मी सहमत आहे.

पुस्तकांचे म्हणाल, तर लेखनावरील पुस्तकांपेक्षा संहिता घ्याव्यात. अप्पा बळवंत चौकात त्या मिळतात. महेश एलकुंचवारांचे वाडा चिरेबंदी आपल्या विषयाच्या अगदी जवळचे आहे. वाड्यासमोर गंजत पडलेला ट्रॅक्टर त्या घराची सारी आर्थिक अवस्था सांगतो, म्हणून कोणाला बसून हिशेब ऐकवावा लागत नाही. आपल्या गच्चीवर अशी कोणती वस्तू आहे, याचा शोध घ्यावा.

तिसरी_घंटा :
महानिर्वाणही अवश्य वाचावे. मेलेल्या भाऊरावांना जुन्याच स्मशानात दहन हवे आहे आणि ते बंद झालेले आहे, एवढ्या साध्या अडचणीवर ते उभे आहे आणि कीर्तनाचा घाट त्याला वर उचलतो. ललित कला केंद्राचा विचार मात्र सोडू नये.

रंगसूचना :
एक व्यावहारिक सूचना राहिली आहे. सार्वजनिक प्रयोग करण्यापूर्वी संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते, तेव्हा तारीख ठरवताना तो वेळ धरावा. लेखनाचा हक्क संहिता लिहिली जाताच लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तरीही वाचनाला दिलेल्या प्रतींवर आपले नाव आणि दिनांक असावा.

कोथरूडची_वाचक :
आधी एकांकिका आणि जास्तीत जास्त पाच पात्रे, हे मी पुन्हा आग्रहाने सांगते. बाकी सर्वांच्या सूचना त्यानंतरच्या आहेत.

गच्चीवरचा :
पुष्कळ विचार करून मी ठरवले आहे. एकांकिका लिहिणार नाही, कार्यशाळेला जाणार नाही आणि पात्रे अकराच ठेवणार आहे. येथे दोघांनी ती कमी करायला सांगितले, तरी ज्या सभेत प्रत्येक घराचे मत मोजले जाते त्या सभेतून सहा घरे काढून टाकली, तर बहुमताचा प्रश्नच उरत नाही आणि मला तर बहुमताविषयीच लिहायचे आहे. मोठ्याने वाचनही आताच करणार नाही, कारण आत्ता वाचले तर मला संवाद दुरुस्त करण्याचा मोह होईल, आणि दुसऱ्या अंकात दुरुस्त करण्यासारखे संवाद नाहीत, तेथे घटनाच नाही. तो अंक मी बाजूला ठेवला आहे. नव्या अंकात ठराव एका मताच्या फरकाने मंजूर होत असतानाच गच्चीचे दार बंद असल्याचे कळेल आणि किल्ली असलेला सभासद मत न देता खाली निघून गेलेला असेल. पहिल्या अंकात त्याच्या कमरेला ती किल्ली सर्वांना दिसेल. पैशांतून संहिता आणि उरलेल्या रकमेत सुदर्शन रंगमंच व भरत नाट्य मंदिर येथील प्रयोगांची तिकिटे घेईन.

पंचसंधी :
मत न देता निघून गेलेला सभासद हा उत्तम विमर्श आहे. आनंद झाला.

विंगेतला :
निर्णय पक्का असेल, तर अकरा पात्रांसाठी एक काम आधीच करावे. मोठ्या कागदावर आडव्या ओळीत पात्रांची नावे आणि उभ्या ओळीत पानांचे क्रमांक लिहावेत, आणि बोलणाऱ्याऐवजी गप्प असणारा त्या पानावर काय करतो आहे, ते प्रत्येक चौकटीत लिहावे. सभेत एक माणूस बोलतो आणि दहा जण बसून असतात. तालमीत दिग्दर्शकाला पहिला प्रश्न विचारतात ते हे दहा जण, आणि लेखकाकडे उत्तर नसेल तर नट स्वतःच्या मनाने काहीतरी करू लागतो व प्रेक्षकाचे लक्ष तिकडे जाते. ज्या पात्राच्या सलग चार-पाच चौकटी रिकाम्या राहतील, त्याला काही निमित्ताने जिन्यापर्यंत पाठवावे. दार बंद आहे हे त्यांच्यापैकीच कोणाला तरी प्रथम कळायला हवे आहे.