मुलांचं ईएसएल: अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलचे तुमचे अनुभव

ऑगस्ट-सप्टेंबर आला की भारतातून नुकत्याच आलेल्या आईबाबांचा प्रश्न ठरलेला: शाळाप्रवेशाच्या फॉर्मवर ‘घरी कोणती भाषा बोलता?’ इथे मराठी लिहू की इंग्रजी? मराठी लिहिलं तर मुलाची इंग्रजीची चाचणी होते आणि गरज पडली तर ईएसएल, म्हणजे इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवणारा वर्ग, मिळतो. त्याने मुलावर शिक्का बसतो, अशी भीती बरेच जण घालतात. मला ती अजिबात पटत नाही. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांच्या खटल्यात (लाउ विरुद्ध निकोल्स, १९७४) सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की इंग्रजी न कळणाऱ्या मुलाला नुसती तीच पुस्तकं आणि तेच शिक्षक देणं म्हणजे समान वागणूक नव्हे. ही मदत मुलाच्या हक्काची आहे. ज्यांची मुलं यातून गेली, त्यांनी सविस्तर लिहा.

न्यू जर्सीहून एक आई
मुलगा पुण्यात मराठी माध्यमात दुसरीपर्यंत शिकला होता. आम्ही फॉर्मवर मराठी लिहिलं. शाळेने विडा (WIDA) नावाची इंग्रजीची चाचणी घेतली आणि तो रोज थोडा वेळ ईएसएलच्या बाईंकडे जायला लागला. पहिले काही महिने वर्गात अवाक्षर बोलला नाही. माझा जीव टांगणीला. बाई म्हणाल्या, ऐकतोय ना, ऐकू दे. त्यांनी एक वही दिली: चित्र काढायचं आणि खाली हव्या त्या भाषेत लिहायचं. याने गणपतीची मिरवणूक काढून खाली अर्धं पान मराठी लिहिलं. बाईंना त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं. त्या चित्रावर एकेक ठिकाणी बोट ठेवून विचारत गेल्या. ढोलावर बोट आलं तेव्हा तो म्हणाला ‘ड्रम’. मग ‘बिग ड्रम’. मग ‘माय काका प्ले’. बाईंनी तेच वाक्य पूर्ण करून त्याच्या मराठी ओळींखाली लिहून दिलं.

हिवाळ्यात ॲक्सेस ही विडाचीच वार्षिक परीक्षा असते. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं, प्रत्येकाला १ ते ६ पातळ्या. ऐकण्यात तो भराभर चढला, लिहिण्याला सगळ्यात जास्त वेळ लागला.

कॅलिफोर्नियातून एक बाबा
मुलगी इथेच जन्मलेली, तरी एल्पॅक (इंग्रजी किती येतं हे बघणारी इथली परीक्षा) द्यावी लागली. ओळखीतले म्हणाले, ईएसएलच्या वर्गातून नाव काढून घ्या. पालक वर्ग नाकारू शकतात हे खरं, पण मूल इंग्रजीत तयार ठरेपर्यंत वार्षिक परीक्षा सुटत नाही. मग मदत का सोडायची? तिला बेरीज-वजाबाकी तोंडपाठ, शाब्दिक उदाहरण आलं की अडायची. तिथे खूप फायदा झाला. इंग्रजी शिकणाऱ्यांच्या यादीतून बाहेर पडल्यावरही शाळा चार वर्षं प्रगतीवर लक्ष ठेवते.

टेक्ससमध्ये ईएसएल शिकवते
माझ्या वर्गात स्पॅनिश, व्हिएतनामी, तेलुगू बोलणारी मुलं आहेत, अधूनमधून एखादं मराठीही. द्विभाषिक शिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांच्या अभ्यासानुसार मैदानावरची इंग्रजी वर्षा-दोन वर्षांत येते, पण अभ्यासाच्या इंग्रजीला पाच ते सात वर्षं लागू शकतात. म्हणून ‘आता फडाफडा बोलतोय की’ म्हणून मदत बंद करायची घाई करू नका. आणि कळकळीने सांगते, घरी ओढूनताणून इंग्रजी बोलू नका. पाऊस कसा पडतो हे मुलाला मराठीत नीट समजलं असेल, तर वर्गात त्याला फक्त इंग्रजीतली नावं शिकायची उरतात. पालक-सभेला दुभाषा मागा, फोनवरून मिळतो. मुलालाच दुभाषा करू नका.

क्वीन्स, न्यूयॉर्क
मोठ्या मुलांचं कोणी लिहिलं नाही म्हणून. मुलगी दहावीच्या वयात आली. बीजगणित उत्तम, पण इंग्रजी कच्चं म्हणून शाळेने तिला खालच्या गणितात घातलं. फार वाईट वाटलं. आम्ही जुन्या गुणपत्रिकांचं भाषांतर दिलं, निर्णयाचं कारण लेखी मागितलं, आणि वर्ग बदलून मिळाला. रीजंट्स या न्यूयॉर्क राज्याच्या हायस्कूल परीक्षेत इंग्रजी शिकत असलेल्या मुलांना दीडपट वेळ मिळतो. मुकाट्याने सोसू नका, विचारा.

साताऱ्याची आजी
नातू ओहायोत. रोज व्हिडिओ कॉलवर मी मराठी गोष्ट वाचते, तो मला शाळेतलं इंग्रजी पुस्तक वाचून दाखवतो आणि त्यातलं मराठीत समजावतो.

नवीन सदस्य
आमची लेक यंदा किंडरगार्टनला जाईल. घरी मराठी, पाळणाघरात इंग्रजी. फॉर्मवर काय लिहू?

धागाकर्ती
आधी कोणती भाषा शिकली आणि घरी जास्त कोणती बोलते, असे बहुधा वेगवेगळे प्रश्न असतात. प्रत्येकाचं खरं तेच लिहा. चाचणीत इंग्रजी पुरेशी निघाली तर ती थेट नेहमीच्या वर्गात बसेल. निकालाचं पत्र आलं की इथे कळवा, आपण मिळून वाचू.